खाणबंदीचा दोष निर्यात शुल्काच्या माथी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लोहखनिजावरील निर्यात शुल्कामुळे निर्यात किती घटली, हे ग्रॅव्हिटी मॉडेल (देशांचे आकारमान आणि अंतर यांवरून व्यापाराचा अंदाज बांधणारे गणित) लावून सांगण्याचा मोह गोव्यातल्या अभ्यासकांना होतो. मॉडेल उत्तमच आहे; घोळ होतो तो आकडे भरताना.

डिसेंबर 2011 मध्ये शुल्क 30 टक्के झाले आणि सप्टेंबर 2012 मध्ये इथल्या खाणी बंद पडल्या. वार्षिक आकड्यांत ही दोन कारणे सुटी होत नाहीत.

निर्यातदार-वर्ष आणि आयातदार-वर्ष फिक्स्ड इफेक्ट (त्या देशाचे त्या वर्षीचे सगळे सामाईक परिणाम टिपणारे घटक) हवेतच; अर्थशास्त्रज्ञ अँडरसन आणि व्हॅन विनकूप यांनी 2003 मध्ये मांडलेला बहुपक्षीय अडथळा, म्हणजे इतर सर्व देशांशी व्यापारातला सरासरी अडसर, त्यांतच धरला जातो. पण शुल्क चीनला तेवढेच, जपानलाही तेवढेच. त्यामुळे निर्यातदार-वर्ष इफेक्ट ते गिळून टाकतो आणि सॉफ्टवेअर शुल्काचा चल (घटक) गाळते. म्हणून हे शुल्क न लागणारी देशांतर्गत विक्रीही तुलनेला घ्यावी लागते: एकूण उत्पादनमूल्य वजा निर्यात. इथे जीडीपी चालत नाही, ते मूल्यवर्धन (उत्पादनमूल्यातून कच्च्या मालाचा खर्च वजा केलेले) असते. आणि बंदीच्या काळात जुन्या साठ्यांचा लिलाव होऊन माल बाहेर गेला, तेव्हा ही वजाबाकी कमी भरते. साठ्यातील घट तीत मिळवावी.

खरी मेख पुढेच आहे. गोव्याचे कमी प्रतीचे खनिज बहुतेक परदेशीच जायचे. बंदीने निर्यात कोसळली, देशातली विक्री त्या मानाने हलली नाही. मॉडेलला हे हुबेहूब शुल्कासारखे दिसते! बंदीच्या वर्षांसाठी भारताच्या निर्यातीला वेगळा डमी (त्या वर्षांपुरता 1, एरवी 0 असा चल) द्यावा आणि ती वर्षे वगळूनही गणित करून पाहावे.

व्यापाराचा लॉग घेऊन ओएलएस (साधी लघुतम वर्ग पद्धत) चालवू नये; शून्याचा लॉग निघत नाही. बंदीत व्यापार शून्यावर आलेल्या जोड्याच त्यात गळतात, शून्येही सामावून घेणारी पीपीएमएल पद्धत वापरावी. शुल्क घालताना 1.30 चा लॉग घ्यावा, नुसता 30 नव्हे. 2016 मध्ये 58 टक्क्यांहून कमी लोह असलेल्या खनिजाचे शुल्क शून्य झाले, पण सहा अंकी एचएस कोडात (मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरण क्रमांकात) प्रत दिसत नाही. आठ अंकी आकड्यांवरून भारित सरासरी काढावी.

त्या मानाने 2022 चा काळ स्वच्छ आहे. मे महिन्यात शुल्क 50 टक्के झाले, नोव्हेंबरमध्ये ही वाढ मागे घेतली गेली, आणि गोव्यातील खाणकाम तर 2018 पासूनच थांबले होते. मात्र हे सहा महिने वार्षिक आकड्यांत विरून जातात. भारतीय खाण ब्युरोचे मासिक उत्पादनाचे आकडे घेऊनच हे काम करावे लागेल.

– अर्थशास्त्राचे दोन अध्यापक, मडगाव