लळिंगच्या उतारावर बर्फ शिकवणाऱ्या आप्पांना

आदरणीय आप्पा,
सा. न. वि. वि.

धुळ्यात पारा ४४ वर असताना हिमस्खलन शिकवल्याबद्दल कुणी आभार मानतंय म्हटल्यावर लोक हसतील. हसू द्या. पोरांच्या आईवडिलांना तुमचं नाव ठाऊक नाही, तुम्ही ते सांगूही देत नाही, म्हणून हे उघड पत्र.

मनालीच्या हिवाळी ट्रेकबद्दल विचारायला आलो, तेव्हा तुम्ही ना थंडीचं बोललात, ना जॅकेटचं. "उतार किती अंशाचा?" एवढंच विचारलंत आणि रविवारी सगळ्यांना लळिंगला घेऊन गेलात. किल्ल्याच्या उतारावर काठी आडवी टाकून तिच्यावर मोबाईल ठेवायचा नि कोन वाचायचा. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. ३५ अंश डोळ्यांना किती साधा दिसतो, ते तिथे कळलं. आणि आपण सपाटीवरून चाललो असलो तरी डोक्यावर तसा उतार असेल तर धोका तोच, हेही.

मग काकूंच्या स्वयंपाकघरातलं ते ताट. ज्वारीचे दाणे पसरले, वर पोळपाट ठेवला, ताट हळूहळू तिरपं केलं आणि पोळपाट सटकन खाली. हंगामाच्या सुरुवातीचा बर्फ पातळ असतो. जमिनीलगत ऊब, वर कडाक्याची थंडी. त्यामुळे आतली वाफ वर सरकते आणि तळाचे कण एकमेकांना न धरणारे, दाणेदार होतात. पुढे जानेवारी-फेब्रुवारीत पश्चिमी चक्रावात येतो आणि त्यावर जड थर रचतो. माणसाचं वजन तेवढं निमित्त.

पांझरेच्या वाळूत पिशव्या पुरून शोधायला लावलंत, तेव्हा पूल ओलांडणारे थांबून बघत होते. बीकन (गाडलेला कुठे आहे ते सांगणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं प्रत्येकाकडे हवं. एकाकडे असून उपयोग नाही, कारण गाडलेल्याला बाहेरचाच काढणार. पहिल्या १० मिनिटांत काढलं तर १० पैकी ९ जगतात, अर्ध्या तासानंतर जेमतेम तिघं. खालून मदत येईपर्यंत हा वेळ संपलेला असतो. प्रोब लागला की तिथेच वरून खणायचं नाही, उताराच्या खालच्या अंगाने आत शिरायचं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा शिखरावर नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली, त्यात प्रशिक्षकही गेले, हे सांगताना तुमचा आवाज बदलला होता.

आता मुख्य गोष्ट. मनालीजवळच्या सोलंगच्या वर दोन दिवस बर्फ पडला आणि तिसऱ्या सकाळी लख्ख ऊन. हिमस्खलनाचा इशारा पाचांपैकी तिसऱ्या पातळीचा. मधला आकडा बघून माणूस निवांत होतो, हे तुम्ही बजावलं होतंच. धारेवरून वारा बर्फ उडवून आमच्या बाजूच्या उतारावर साठवत होता. चालताना पायाखाली 'धप्प' झालं आणि बुटापासून एक भेग सरळ पुढे पळाली. गाईडने आमच्याकडे पाहिलं, आम्ही त्याच्याकडे. "एक एक करीसन जावा" हा तुमचा नियम होता, पण त्याआधीचा नियम होता की अशी खूण दिसली तर जायचंच नाही. परत फिरलो.

दुपारी दुसरा एक ग्रुप तोच उतार ओलांडून फोटो दाखवत आला. पोरांची तोंडं पडली. एकाने विचारलं, मग आपण उगाच घाबरलो का? तुम्ही पांझरेकाठी सांगितलेलं मी पुन्हा सांगितलं: उतार सुटला नाही म्हणजे तो पक्का होता असं नाही, खुणा बघून ठरवायचं, निकाल बघून नाही. पोरांना ते लगेच पटलं असं म्हणणार नाही. त्या रात्री मॅगी मात्र सगळ्यांनी दोनदा घेतली.

हे शिकवायला तुम्ही एक रुपया घेतला नाहीत, उलट काकूंनी दर वेळी शेवभाजी खाऊ घातली. त्यांचेही आभार, आणि ते ताट अजून माझ्याकडेच आहे, पोचवतो.

नोव्हेंबरात नवी मुलं येतायत. लळिंगला सकाळी सातला निघू, तुमच्या गुडघ्याला चालणार असेल तरच. नाहीतर खालीच खुर्ची टाकतो, वरून आम्ही कोन ओरडून सांगू.

आपला,
ट्रेक ग्रुपमधला एक जण, धुळे