आमच्या पेंटरकाकांना, निकालाच्या आधी

प्रिय पेंटरकाका,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र उघडं लिहायचं कारण सांगते. बंद पाकिटाचं तुम्ही काय करता ते मी पाहिलंय. डिसेंबरात शाळेनं मानधनाचं पाकीट दिलं, ते तुम्ही न फोडता चष्म्याच्या घरात सारलंत आणि दुसऱ्या दिवशी ते जसंच्या तसं शाळेतल्या आमच्या मावशींच्या हाती परत आलं. वर निरोप, "बाईंना सांगा, चहा पोचला." म्हणून यंदा पाकीट नाही. चार लोकांदेखत आभार मानले म्हणजे परत करायची सोय राहत नाही.

स्नेहसंमेलनाच्या आदल्या संध्याकाळपासून सुरुवात करते. साडेपाच वाजता फ्लेक्स आला. मुलांनी तो गुंडाळीतून सोडवला, दोन बाकांवर पसरला, आणि सातवीतली पहिल्या बाकावरची पोरगी म्हणाली, "बाई, ह्याला काय झालंय?" ‘वार्षिक’मधला ‘षि’ फुटला होता. वेलांटी एकीकडे, रफार हवेत. ‘स्नेहसंमेलन’मधल्या ‘स’चा पाय मोडून ‘ने’ शेजारी उपरा बसल्यासारखा. मोबाइलवर टाइप केलेला मजकूर त्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला की असं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. दुकानात फोन केला तर, "मॅडम, लांबून कोण वाचतंय? मागे नाच चालू असणार." मराठी माध्यमाची शाळा, चर्चच्या आवाराच्या एका कोपऱ्यात कशीबशी उभी, आणि पालकांसमोर टांगायला आम्ही हे आणलं होतं! आमच्याच भिंतीवर ‘सुंदर अक्षर हाच खरा दागिना’ असं लिहिलेलं आहे. तेही स्टिकरचं, आणि त्यातला ‘सुं’वरचा टिंब गेल्या पावसाळ्यात गळून पडलेला.

मावशींनीच तुमचं नाव काढलं. "समोरच्या चाळीत पेंटर राहतात. पूर्वी रे रोडजवळच्या दारूखान्यात गाड्या रंगवायचे."

तुम्ही आलात ते लेंगा-सदऱ्यावर, पायात स्लीपर, हातात पत्र्याचा डबा. फ्लेक्सकडे एकदा पाहिलंत. मला वाटलं आता आजकालच्या जमान्यावर दोन शब्द ऐकावे लागणार. तुम्ही एवढंच विचारलंत, "मांजरपाट आहे का? आणि डिंक?" मांजरपाट मावशींनी भायखळ्याहून आणला. डिंक हस्तकलेच्या कपाटात होता. फादरांनी सभागृहाची किल्ली दिली आणि स्वतः खुर्ची टाकून बसले, मदत म्हणून नव्हे, बघायला. त्यांची मदत म्हणजे दर पंधरा मिनिटांनी "झालं का?" असं विचारणं. ते वाचतील हे, हरकत नाही.

पुढचे तीन तास मुलं अजून विसरलेली नाहीत. सुताला खडूची भुकटी चोळलीत, एका टोकाला एक पोरगा, दुसऱ्या टोकाला दुसरा. "ताण. अजून ताण. सोड!" फटकन सरळ रेघ. त्यानंतर आठवडाभर आमच्या शाळेत सरळ रेघ नाही अशी भिंत उरली नव्हती. मावशींनी दोघांचे कान धरले आणि चर्चच्या मागच्या भिंतीवरची एक रेघ फादरांनी स्वतः ओल्या फडक्यानं पुसली, तेही काही न बोलता, म्हणजे रागावले असणार.

हात टेकायला काठी हवी होती. तुमची घरी राहिली होती. पाचवीतल्या एकानं मोडका स्टंप आणून दिला, तुम्ही त्याच्या टोकाला चिंधी बांधलीत आणि त्यावर मनगट ठेवून लिहीत सुटलात. एकदाही पेन्सिलीनं अक्षर काढून घेतलं नाहीत. मी वीस वर्षं फळ्यावर लिहितेय. रोज दोन ओळी उतरत्या जातात आणि मी फळ्याला दोष देते.

तेव्हा तुम्ही मुलांना जे सांगितलंत ते मी नंतर वर्गात तसंच्या तसं वापरलं, तुमचं नाव घेऊन. "इंग्रजी अक्षरं जमिनीवर उभी असतात. आपली वरून टांगलेली. गॅलरीतल्या दोरीवर कपडे वाळत घालतो ना, तशी. दोरी ताठ पाहिजे, खाली कुणाची चड्डी लांब, कुणाची आखूड." चड्डीवर हशा झाला, पण ‘द’ आणि ‘ळ’ रेघेच्या किती खाली उतरतात हे दुसरीतल्या पोरांनाही कळलं. पुस्तकात हे शिकवायला आम्हाला चौकटी, ठिपके, बाण लागतात.

मग ‘ल’ आणि ‘श’. ‘शाळा’ लिहिताना तुम्ही ‘श’ला वर गाठ मारून देठ काढलात, ‘ल’ला दोन पाकळ्या. एकानं मोबाइल पुढे केला, "काका, ह्यात वेगळा आहे." तुम्ही म्हणालात, "तो हिंदीचा आहे. तोही चांगलाच आहे. पण तो त्यांच्या घरचा." मला तेव्हा आठवलं, नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयात वर्णमालेसाठी देठाचा ‘श’ आणि पाकळीचा ‘ल’च सांगितलाय. शिक्षक म्हणून तो कागद माझ्या फायलीत होता. हात मात्र जुन्याच सवयीचा. दुसऱ्या दिवशी फळ्यावर मी ‘श’ काढला आणि मागून आवाज आला, "बाई, देठ!"

काका, त्या दिवसापासून आमची मुलं वाट्टेल तिथे पाट्या वाचत सुटलीत. फेब्रुवारीत राणीच्या बागेत सहल नेली. पेंग्विन बघायला एवढी रांग, आणि ही पोरं पिंजऱ्यावरच्या पाटीत ‘ल’ कुठला आहे ते मोजताहेत! शेजारच्या १८७२ सालच्या म्युझियमच्या आवारात घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती आहे, त्याच्याकडे निम्म्यांनी पाहिलंच नाही. माहितीफलकावर एक अनुस्वार कमी होता, त्यात सगळे गुंतले. येताना डॉकयार्ड रोड स्टेशनवर वाद: मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं या स्टेशनाचं नाव ‘माझगाव’ करायला मंजुरी दिली, ती नवी पाटी कोण रंगवणार? एकमतानं तुमचं नाव ठरलं. रेल्वेला कळवायचं तेवढं राहिलंय.

तुमच्या धंद्याचं तुम्ही कधी रडगाणं गायलं नाहीत. दोनच वाक्यं कानावर आली, तीही रंग कालवताना. "२०१५ मध्ये ट्रकांवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला बंदी आली, तिथे माझी रोजची भाजी गेली." आणि, "कोर्टानं दुकानांना मराठी पाट्यांसाठी नोव्हेंबर २०२३ पर्यंत मुदत दिली, तेव्हा वाटलं चार कामं येतील. सगळी एलईडीवाल्यांकडे गेली." हे तुम्ही हसत सांगितलंत. मला हसू आलं नाही. मराठी अक्षर मोठं हवं म्हणून एवढं रान उठलं आणि ते हातानं काढणारा माणूस आमच्या समोरच्या चाळीत दुपारभर पत्ते खेळत बसलेला. आम्हालाही तुम्ही आठवलात ते फ्लेक्स फाटक्या अक्षरांचा निघाला तेव्हाच. तो बरा आला असता तर आम्ही आजही तुम्हाला ओळखलं नसतं, हे कबूल करते.

२७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, दरवर्षी आमच्याकडे भाषण असतं. पाहुणे येतात, मराठी कशी टिकेल ते सांगतात, मुलं जांभया देतात. यंदा भाषण नव्हतं. तुम्ही होतात, पाच बोरू होते आणि जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं. बोरूला तिरका काप कसा घ्यायचा ते दाखवताना तुमच्या बोटाला ब्लेड लागलं आणि तुम्ही ते शाईच्या फडक्यात गुंडाळून पुढे चालू ठेवलंत, त्याबद्दल मावशी अजून मला बोलतात.

त्यातूनच शाळेचं हस्तलिखित वार्षिक निघालं. माझ्या लहानपणी प्रत्येक शाळेत असायचं. आमच्याकडे ते कधी बंद पडलं ते कुणालाच सांगता येत नाही. यंदा अठ्ठावीस पानांचं झालंय. वर्षभराच्या बातम्या मुलांनीच लिहिल्या. नाताळचा गोठा, त्यात पहिलीतल्या मुलानं ठेवलेला प्लॅस्टिकचा डायनासोर, जो फादरांनी तसाच राहू दिला. क्रीडादिवशी शेजारच्या मैदानात पोत्यांची शर्यत. शिष्यवृत्तीला बसलेल्या पाचवीच्या चौघांची नावं. पोषण आहारातल्या खिचडीवर एक तक्रारवजा कविता, जी मी छापायची नाही म्हटलं होतं. पण हे छापलेलं नव्हतंच, तेव्हा गेली.

आणि तो ‘दऱ्या’. एका मुलाचे वडील भाऊच्या धक्क्यावरून बोटीवर जातात. त्यानं लिहिलं, ‘माझे बाबा पहाटे दऱ्यावर जातात.’ मी तपासलं होतं ते पान. माझ्या नजरेतून सुटलं. तुम्ही थांबलात. "अरे, बाप तुझा समुद्रावर जातो की सह्याद्रीवर?" मग वर्गभर ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’. रफार डोक्यावर गेला की पाणी, नांगरासारखा आडवा बसला की डोंगरातल्या दऱ्या. तो मुलगा इतका हसला की त्याला पाणी प्यायला पाठवावं लागलं. तो एरवी वर्गात बोलत नाही. त्या दिवसापासून बोलतो, कधी कधी जास्तच.

बाकीच्या बातम्या थोडक्यात. आमचा पट यंदा पुन्हा घटलाय. तीस सप्टेंबरच्या मुलांच्या आकड्यावर संचमान्यता होते, आणि त्यावर ठरतं किती शिक्षक राहणार. जूनमध्ये आम्ही पुन्हा घरोघरी जाणार, म्हातारपाखाडीपासून रे रोडच्या वस्त्यांपर्यंत, "मराठी शाळेत घाला" म्हणत. दारात आई विचारते, "इंग्रजी येईल ना?" येईल हो. यंदा हस्तलिखित बरोबर नेणार आहे. दाखवायला काहीतरी आहे, पहिल्यांदाच.

वार्षिक परीक्षा झाली. पेपर तपासून होत आलेत. एक मेला झेंडावंदनानंतर निकाल. सातवीचे नऊजण दाखले घेऊन दुसऱ्या शाळांत जातील, आमच्याकडे आठवी नाही. गेल्या आठवड्यात तुम्ही जिन्याखाली बसून त्या नऊजणांच्या कंपासपेटीवर इनॅमलनं नावं घातलीत. मला कुणी सांगितलं नव्हतं. मधल्या सुट्टीत रंगाचा वास आला म्हणून खाली आले तर नऊ डबे उन्हात ओळीनं वाळत होते, आणि मुलं त्यांच्याभोवती उकिडवी बसून राखण करत होती, कुणी हात लावू नये म्हणून. त्यातल्या एकीचं नाव हजेरीपटात वर्षानुवर्षं चुकीच्या वेलांटीनं चाललंय. पहिलीच्या प्रवेशाला झालेली चूक, तीच पुढे. तुम्ही तिलाच विचारलंत, "तुझं तू कसं लिहितेस?" आणि तसं लिहिलंत. ती डबा घेऊन माझ्याकडे आली, "बाई, दाखल्यावर पण असंच करता येईल?" आम्ही जन्मदाखला मागवून घेतला, मुख्याध्यापकांची सही, दुरुस्तीचा अर्ज पुढे गेलाय. होईल.

मांजरपाटाचं कापड मी घडी घालून ठेवलंय, डांबराच्या गोळ्या टाकून. साल तुम्ही वेगळ्या तुकड्यावर लिहून चार बटणांनी लावलं होतंत. तेव्हा मला वाटलं होतं, ही कसली काटकसर. परवा घडी घालताना कळलं की तुकडा काढला तर बाकी सगळं पुढच्या वर्षीही तसंच चालेल. पण नवा आकडा तुम्हीच घालायचा. डिसेंबराची वाट बघू नका, जूनमध्ये पाऊस लागायच्या आत या. सभागृहाचं छत गळतं.

तुमची,
चौथीच्या वर्गाच्या बाई

ता. क. तुमचा दोन नंबरचा ब्रश आमच्याकडे राहिला होता. मुलांनी तो चांगला धुवायचा म्हणून साबणाच्या गरम पाण्यात रात्रभर ठेवला. आता त्याचे केस चारी दिशांना उभे आहेत. मी टर्पेंटाइनमध्ये बुडवून पाहिला, काही उपयोग झाला नाही. नवा आणलाय. तो पाकिटात घातलेला नाही.