मॅडम, तुम्ही अण्णांना विचारलंत

आदरणीय मॅडम,

हे पत्र तुमच्या हातात देता आलं असतं. पण तुम्ही केलंत ते चारचौघांना कळावं असं मनापासून वाटतं, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचं आणि शाळेचं नाव घालत नाही, कारण ते तुम्हाला आवडणार नाही. आमच्या बालाघाटाच्या डोंगरातल्या गावाला ते माहीत आहे, तेवढं पुरे.

माझा धाकटा भाऊ तुमच्या वर्गात आहे, दुसरीला. आई आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, लेकरांना घेऊन. यंदा दिवाळीच्या आधी तुम्ही वर्गातल्या प्रत्येक लेकराचं एक चित्रपुस्तक केलंत. आपल्या लेकराचं पुढे कसं व्हावं ते आईबापानं सांगायचं, तुम्ही लिहायचं आणि चित्रं लेकरानं काढायची. ते पुस्तक मी काल पुन्हा वाचलं. वाचताना रडू आवरेना, म्हणून आज लिहायला बसले.

माझ्या आईवडिलांना आजवर खूप जणांनी खूप काही विचारलं. टोळी नेणारा मुकादम विचारतो, किती कोयते, म्हणजे तोडणाऱ्या जोड्या, येणार आणि उचल, म्हणजे आगाऊ पैसे, किती हवी. मतं मागणारे विचारतात, घरात मतं किती. वही घेऊन येणारे नाव, वय, रेशनकार्ड विचारतात आणि अंगठा घेऊन जातात. पोराबद्दल तुमच्या मनात काय आहे, हे कुणीच विचारलं नव्हतं. माझ्या वेळच्या शाळेनं तर मुळीच नाही. शिक्षणहक्क कायदा २००९चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला, सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी. मी पहिलीत गेले ती त्यानंतरच. तरी दिवाळी झाली की माझ्या नावापुढे लाल शाईनं ‘सतत गैरहजर’ पडायचं आणि मी कोल्हापूरकडच्या कुठल्यातरी उसाच्या फडात वाढं, उसाचे हिरवे शेंडे, गोळा करत असायचे. परत आल्यावर सगळ्या वर्गासमोर ऐकलंय मी, ‘ऊसतोड्याच्या पोरांना शिकवून उपयोग काय, दिवाळीला जाणारच.’ ज्यांनी हे म्हटलं त्यांच्या कदाचित लक्षातही नसेल. माझ्या आहे.

तुमचं वेगळेपण मला त्या संध्याकाळी कळलं. मी सुट्टीला घरी आले होते. आईअण्णांना शाळेत यायला जमेना, म्हणून तुम्हीच दिवेलागणीला आमच्याकडे आलात. आईनं खुर्ची मागायला शेजारी पाठवलं, तोवर तुम्ही ओट्यावर मांडी घालून बसलातही. अण्णांना तुम्ही विचारलंत, ‘तुमचं लेकरू मोठं होऊन कसं व्हावं वाटतं?’ अण्णा कितीतरी वेळ गप्प होते. मला वाटलं, आता तुम्हीच काहीतरी सुचवाल, डॉक्टर म्हणा, इंजिनिअर म्हणा. तुम्ही काही सुचवलं नाहीत. शेवटी अण्णा म्हणाले, ‘साहेब व्हावा.’ तुम्ही लिहिलंत.

आणि मग वही अण्णांच्या बाजूला फिरवलीत. अण्णांना वाचता येत नाही हे तुम्हाला माहीत होतं. तरी एकेका शब्दाखालून बोट फिरवत त्यांचंच वाक्य त्यांना वाचून दाखवलंत आणि विचारलंत, ‘असंच म्हणायचंय ना तुम्हाला?’

अण्णा वहीकडे बघत राहिले. म्हणाले, ‘न्हाय. ते खोडा.’ तुम्ही एक सरळ रेघ मारून खोडलंत. कपाळाला आठी नाही, घड्याळाकडे नजर नाही. मग अण्णा बोलले ते तुम्ही जसंच्या तसं उतरवलंत: ‘दिवाळी झाल्यावर बी ह्यो शाळंतच दिसावा.’ ‘ह्यो’चं ‘हा’ केलं नाहीत की ‘शाळंत’चं ‘शाळेत’ केलं नाहीत. पुन्हा बोट फिरवून वाचून दाखवलंत. या खेपेला अण्णांनी मान डोलावली.

माझ्या बापाच्या तोंडचं वाक्य कागदावर आलं, ते त्याला वाचून दाखवलं गेलं आणि ते बदलायचा हक्क त्याला मिळाला. अण्णांच्या सगळ्या आयुष्यात हे पहिल्यांदा घडलं. उचलीच्या कागदावर काय लिहिलंय, हेसुद्धा त्यांना कधी कुणी असं वाचून दाखवलेलं नाही.

आईला विचारल्यावर ती आधी हसली. मग म्हणाली, ‘ह्याच्या बायकूला पहाटं तीनला उठून फडात जाया लागू नये.’ सात वर्षांच्या पोराच्या बायकोची काळजी! पण आईनं स्वतःची सगळी लग्नानंतरची वर्षं त्यात सांगून टाकली होती. तुम्ही तेही लिहिलंत, हसला नाहीत.

चित्रांबद्दल बोलायलाच हवं. अण्णांच्या पानावर भावानं शाळेचं दार काढलंय आणि दारात स्वतःला. अंगात लाल स्वेटर. मी विचारलं, स्वेटर कशाला रे? म्हणाला, ‘दिवाळीनंतर थंडी असतीय ना.’ त्यानं स्वेटर घालून शाळा कधी बघितलीच नव्हती. थंडीचे दिवस तो फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, काढायचा, पाचटाच्या शेकोटीपाशी.

मी बी.ए. करते, पुस्तकांत वावरते. कॉलेजच्या ग्रंथालयात माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तकं मी जमिनीवर बसून वाचलीत. साध्या घरातल्या रोजच्या गोष्टींना त्या इतक्या मायेनं पानावर जागा देतात की हेवा वाटतो. प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवरच्या मराठी गोष्टी मी फोनवरून भावाला वाचून दाखवते, पैसे लागत नाहीत. पण ‘बाळा, तू मोठा होऊन असा हो’ सांगणारी जी गुळगुळीत पुस्तकं दुकानात दिसतात, त्यांत आई पलंगाशी बसलेली असते, दिव्याचा पिवळा उजेड असतो, लेकरू चंद्रावर जायचं स्वप्न बघत असतं. चंद्रावर जरूर जावं. पण दिवाळीनंतर शाळेत दिसावं, हे स्वप्नही एका बापाचंच आहे. ते चित्रासकट छापल्यासारखं मांडलेलं मी तुमच्या पुस्तकातच पाहिलं.

आमच्याकडे लेकरू जन्मल्यावर पाचवीच्या रात्री सटवाईसाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. लेकराच्या कपाळी काय लिहायचं ते ती लिहिणार. आई सांगते, माझ्या पाचवीला लेखणी शेजारून मागून आणली होती. घरात तेव्हा लिहिणारं कुणी नव्हतंच. लेकरांबद्दलच्या आशा बायकांनी गायल्या त्या जात्यावर. हेमा राईरकर आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव फिरून अशा लाखाहून जास्त ओव्या लिहून घेतल्या, हे मला कॉलेजात कळलं तेव्हा आजीची फार आठवण आली होती. आजीच्या ओव्या कुणी लिहून घेतल्या नाहीत. आईचं वाक्य मात्र तुम्ही घेतलंत, आणि मुखपृष्ठावर लेखक म्हणून आईचं आणि अण्णांचं नाव घातलंत. आधी आईचं.

मॅडम, भली माणसं मी पाहिली आहेत. फडात आई तापानं फणफणली होती तेव्हा रात्री गाडी काढणारा शेतकरी, एस.टी.त माझ्याकडे सुट्टे नव्हते तेव्हा ‘राहू दे, ताई’ म्हणणारे कंडक्टर. ही माणसं योजना जाहीर करत नाहीत, फोटो काढून घेत नाहीत. समोरचा आपल्याइतकाच माणूस आहे, एवढं त्यांना पक्कं ठाऊक असतं. तुमच्यासारख्या माणसांमुळेच आमच्यासारखी घरं टिकून आहेत. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही, घरातला हिशेब मला माहीत आहे.

यंदा भाऊ टोळीबरोबर गेला नाही. स्वतःच लिहायला सांगितलेलं अण्णांना मोडवेना. आजीला दम्याचा त्रास, तरी तिनं त्याला ठेवून घेतलं. आईला कोपीत करमत नाही, फोनवर रडते. तो रोज शाळेत जातो. स्वेटर मी पाठवला, लालच.

आईनं पुस्तकाचे फोटो फोनमध्ये नेलेत. ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरनं ते कोप्यांवर सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवले. आता शेजारच्या कोप्यांतल्या बाया म्हणताहेत, ‘आमचं बी लिहून घ्या म्हणावं.’ त्यांची लेकरं तुमच्या वर्गातली नाहीत, काही तर कुठल्याच वर्गात नाहीत. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की टोळी गावी येईल, तेव्हा मलाही सुट्टी असेल. कार्डशीट आणि खडू मी छत्रपती संभाजीनगरहून घेऊन येते. लिहून घ्यायला मला तुमच्या शेजारी बसू द्याल ना?

तुमची कृतज्ञ,
तुमच्या वर्गातल्या स्वेटरवाल्याची ताई