आईच्या डोळ्यात खुपणाऱ्या केसांविषयी

तीर्थरूप आई व बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

आईच्या डाव्या डोळ्यात पुन्हा खुपू लागले आहे आणि बाबांनी पुन्हा चिमट्याने केस उपटला, हे कालच्या फोनवर कळले. हा विषय काढला की आई ‘एका केसाचे एवढे काय’ म्हणून हसण्यावारी नेते, म्हणून या वेळी सविस्तर लिहिते आहे. बाबांनी हे पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवावे.

पापणीच्या कडेचे केस एरवी बाहेरच्या बाजूला वळलेले असतात. कडेला वर्षानुवर्षे सूज राहिली, कोंड्यासारखे पापुद्रे साचत गेले किंवा जुन्या जखमेचा व्रण आवळला, की मुळाची दिशा बदलते आणि केस आत वळून बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला घासू लागतो. कॉर्निया म्हणतात तो हा पडदा मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. आपण मिनिटाला सुमारे १५ वेळा पापणी मिटतो आणि प्रत्येक वेळी तो केस त्याच जागेवरून फिरतो. त्यामुळे डोळा लाल होणे, पाणी वाहणे आणि उजेड सहन न होणे यात नवल नाही. खरी भीती आहे ती ओरखड्यात जंतुसंसर्ग होऊन फूल पडण्याची, म्हणजे नजरेच्या आड येणारा पांढरा डाग कायमचा राहण्याची.

बाबा, तुम्ही केस काढता तेव्हा आईला त्याच क्षणी आराम पडतो, हे मला मान्य आहे. परंतु केसाचे मूळ तिथेच राहते आणि साधारण ४ ते ६ आठवड्यांत केस परत उगवतो; नवा केस आखूड आणि ताठ असल्यामुळे तो जुन्यापेक्षा जास्त टोचतो. उपटताना केस मधूनच तुटला तर राहिलेला खुंट आणखी वाईट. डॉक्टर हेच काम करतात तेव्हा त्यांच्यासमोर डोळा कित्येक पटींनी मोठा दाखवणारे यंत्र असते, चिमटा निर्जंतुक असतो आणि केस वाढीच्या दिशेने सरळ ओढला जातो. सुईत दोरा ओवायलाही तुम्हाला आता चष्मा लागतो, तेव्हा आईच्या डोळ्याजवळ चिमटा नेणे तुम्ही थांबवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

डॉक्टरांकडून आपल्याला प्रथम एकच गोष्ट समजून घ्यायची आहे: फक्त केस वळला आहे की पापणीच आत वळली आहे? वयानुसार खालची पापणी सैल पडते आणि तिची कड आत कलंडते. मग सगळी रांगच डोळ्याला लागते आणि कितीही केस काढले तरी उपयोग होत नाही. हे तपासताना डॉक्टर पापणी खाली ओढून सोडतात व ती चटकन जागेवर बसते का हे पाहतात, किंवा डोळे घट्ट मिटून उघडायला सांगतात. त्यानंतर नारिंगी रंगाची कागदी पट्टी पापणीच्या आत टेकवून निळ्या प्रकाशात पाहिले, की जिथे ओरखडा आहे तिथे हिरव्या रेघा चमकतात. आई, त्या रंगाने घाबरू नकोस, तो अश्रूंबरोबर निघून जातो. लहानपणी तुला खुपऱ्या (पापणीच्या आतल्या बाजूला होणारा संसर्ग) झाल्या होत्या का, हेही ते विचारतील, कारण खुपऱ्यांचे व्रण पापणीच्या आतल्या बाजूला राहतात आणि कित्येक वर्षांनी वरच्या पापणीचे केस आत ओढतात.

केसच एक-दोन असतील तर पापणीत भुलीचे इंजेक्शन देऊन, बारीक सुईने मुळाशी विद्युतप्रवाह सोडून ते जाळता येते. लेसरनेही हे करतात. केस पुष्कळ आणि एकाच पट्ट्यात असतील तर ती जागा अतिशीत करून मुळे मारतात, मात्र त्याने कातडीचा रंग फिका पडू शकतो, हे आधी विचारून घ्यावे. एका बैठकीत काम झाले नाही तर उपचार फसला असे समजू नये, कारण काही मुळे चिवट निघतात. पापणीच वळली असेल तर ती ताणून बसवण्याची छोटी शस्त्रक्रिया हाच खरा उपाय; ती बहुधा फक्त जागा बधिर करून होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी येतो. आई रक्त पातळ होण्याची गोळी घेते, हे डॉक्टरांना आधीच सांगावे, पण ती स्वतःच्या मनाने बंद करू नये.

तोवर डॉक्टरांना विचारून कृत्रिम अश्रूंचे थेंब घालता येतील. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर टिकवण्याचे रसायन नसलेले थेंब मागावेत. रात्रीच्या मलमाने काही वेळ धूसर दिसते, म्हणून ते अंथरुणावर पडल्यावरच लावावे. कोमट पाण्यात पिळलेल्या स्वच्छ फडक्याने ५ ते १० मिनिटे शेकून पापणीची कड हलकेच पुसली तर सूज ताब्यात राहते, वळलेला केस मात्र त्याने सरळ होत नाही. कपाटातली थेंबांची जुनी बाटली कृपया उघडू नका. तिच्यात स्टेरॉइड असेल तर संसर्ग वाढू शकतो, आणि डोळा बधिर करणारे थेंब घरी वापरले तर जखम भरायची थांबते.

आईला इतकी वर्षे मधुमेह आहे, म्हणून ‘फारसे दुखत नाही’ या तिच्या बोलण्यावर मी विसंबणार नाही. मधुमेहात कॉर्नियाची संवेदना कमी होऊ शकते. बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, पू आला, एकाएकी वेदना वाढली किंवा नजर अंधुक झाली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे.

या आठवड्यातली वेळ घेऊन मला कळवावी, मी सोबत येते. जाण्यापूर्वी केस उपटू नये, नाहीतर नेमका कोणता केस लागतो हे डॉक्टरांना दिसणार नाही.

तुमची,
मुलगी

ता. क. — चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे आणि थेंबांच्या बाटल्या एका पिशवीत भरून ठेवाव्यात. नावे आठवत बसण्यापेक्षा ते बरे.