पडद्याआधी बिंदू मांडता यावेत

महोदय,

वर्गात पडदा लागला की मुलांना अर्थशास्त्राची गोडी लागते, हा समज पक्का होत चालला आहे. चित्रफीत पाच मिनिटे खिळवून ठेवते, हे खरेच. पण त्यानंतरचा आलेख वाचता आला नाही की मूल मान खाली घालते आणि गोडी तिथेच तुटते.

आलेख अडतो तो बहुधा दोन जागी. गणितात स्वतंत्र चल, म्हणजे जिच्यावर दुसरी राशी अवलंबून असते ती राशी, क्ष अक्षावर असते. अर्थशास्त्रात मात्र अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शल यांच्यापासूनच्या प्रथेने मागणी ठरवणारी किंमत य अक्षावर जाते. हे आधी सांगितले नाही तर गणितात तरबेज मूलही गोंधळते. दुसरी जागा मागणीचा विस्तार आणि मागणीतील वृद्धी यांची. किंमत उतरल्याने मागणी वाढते तो विस्तार; त्यात बिंदू त्याच मागणी वक्रावर सरकतो. उत्पन्नासारख्या इतर कारणाने वाढते ती वृद्धी; तिच्यात अख्खा वक्र उजवीकडे जातो. तयार स्लाइडवर ही हालचाल दिसतच नाही. फळ्यावर एकेक बिंदू मांडत गेले की दिसते.

मुलागणिक शिकवायचे म्हणून ‘हा पाहून शिकणारा, ती ऐकून शिकणारी’ अशी वाटणी करू नये. अशा वाटणीला संशोधनाचा भक्कम आधार नाही. त्यापेक्षा धड्याआधी दहा मिनिटांत तीन गोष्टी तपासाव्यात: कोष्टकावरून बिंदू मांडणे, उतार ओळखणे, शेकडा बदल काढणे. बिंदू न जमणाऱ्याला अर्धी काढलेली आकृती द्यावी. जमणाऱ्याला तीच दिली तर तो कंटाळतो. त्याला एखादी बातमी देऊन वक्र कुठे सरकेल ते विचारावे. गट मात्र दर धड्याला बदलावेत, नाहीतर ‘ढ’ हा शिक्का कायमचा बसतो.

माध्यम म्हणाल तर बारा चिठ्ठ्या पुरतात. ग्राहक झालेल्या सहा मुलांना १००, ९०, ८०, ७०, ६०, ५० ही कमाल किंमत. विक्रेते झालेल्या सहांना ४०, ५०, ६०, ७०, ८०, ९० हा खर्च. आकडा गुप्त ठेवून मुलांनी आपसांत सौदे करायचे; तोट्याचा सौदा बाद, झालेल्या सौद्याची किंमत लगेच फळ्यावर. पहिल्या फेरीत किमती विखुरतात, पुढच्या फेऱ्यांत सहसा ७०च्या आसपास येऊ लागतात, कारण त्या किमतीला घेऊ शकणारे आणि विकू शकणारे सारखेच, चार-चार, असतात. अर्थतज्ज्ञ व्हर्नन स्मिथ यांनी १९६२ मध्ये मांडलेल्या प्रयोगांचे हे सोपे रूप. शिक्षकाने ७० हे उत्तर आधीच फोडले, किंवा प्रत्येकाला आपला नफा मोजायला लावला नाही, की प्रयोग फसतो. शेवटी मागणी आणि पुरवठा हे दोन्ही वक्र मुलांनीच काढावेत.

याला सलग दोन तासिका लागतात आणि घोडे तिथेच अडते. पडद्याचा खर्च मंजूर करताना शाळांनी या दोन तासिकाही मंजूर कराव्यात.

– अर्थशास्त्र विषयाचे एक शिक्षक