पहिली रायफल घेतोयस म्हणून

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला आणि हे फोनवर पाच मिनिटांत उरकणार नाही म्हणून सरळ लिहायलाच बसलो. शिकारीचा कोर्स झाला, लायसन्स आलं, आता पहिली रायफल घ्यायची, डोक्यात मोठं हरीण आणि जमलंच तर एल्क (हरणाचाच पण फार मोठा अमेरिकन प्रकार), आणि कुणीतरी तुला सांगून ठेवलंय की घ्यायचीच तर ३०० विंचेस्टर मॅग्नम (जास्त दारूचं, जोरदार काडतूस वापरणारी) घे, म्हणजे उद्या काहीही समोर आलं तरी कमी पडायला नको. माझं म्हणणं आधी सांगतो, कारणं मागाहून. मॅग्नम घेऊ नकोस. पहिली रायफल अशी घे की एका दुपारी तिचे वीस-पंचवीस बार काढलेस तरी दुसऱ्या दिवशी परत रेंजवर जावंसं वाटेल.

सगळं बार होताना खांद्याला बसणाऱ्या धक्क्यावर येऊन थांबतं रे. आठ पाउंडांची, म्हणजे साडेतीन किलोच्या जरा वरची रायफल धर. आता वेगवेगळी काडतुसं बघ, आकडे फूट-पाउंडांत, म्हणजे धक्क्याच्या जोराच्या मापात. तीत ६.५ क्रीडमूर साधारण १२-१३ फूट-पाउंडांचा धक्का देते, ३०८ विंचेस्टर १७-१८ च्या आसपास, ३०-०६ वीसच्या घरात आणि ३०० मॅग्नम २५ च्याही पुढे. नवीन माणसाला वीसपर्यंत निभावतं, त्यापुढे अंग आपोआप आधीच आखडायला लागतं आणि गंमत म्हणजे हे ज्याचं त्याला कळतच नाही, कारण बार झाला की रायफल उसळतेच, त्या उसळण्यात आधीचा झटका लपून जातो.

तो बघायचा कसा ते सांगतो, रेंजवर ओळखीचं कुणी असेल तर नक्की करून बघ. काडतुसं त्याला भरू द्यायची आणि मध्येच कुठेतरी एक डमी, म्हणजे न उडणारं खोटं काडतूस, टाकायला सांगायचं, तुला न कळता. तू नेम धरतोस, ट्रिगर ओढतोस, नुसता खट् आवाज येतो. त्या क्षणी नळीचं तोंड जागच्या जागी राहिलं तर उत्तम. पण मॅग्नमवर नव्या माणसाच्या हातात बहुतेक वेळा नळीचं तोंड चांगलं बोटभर खाली जातं, खांदा पुढे येतो, डोळे मिटतात, आणि बार तर झालेलाच नसतो! शंभर यार्डांवर एवढ्या झटक्यात गोळी फऱ्याच्या (पुढच्या खांद्याच्या) मागे लागायची ती पोटात लागते, आणि पोटात गोळी लागलेलं जनावर तासन् तास तडफडत फिरतं, कधी कधी सापडतच नाही. मला हे सहन होत नाही, म्हणून इतकं कळकळीने लिहितोय.

आता मॅग्नम तुला देते काय ते बघ. ३०८ ची १५० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी २०० यार्डांवर झीरो केलीस, म्हणजे त्या अंतरावर नेमक्या नेमावर लागेल असं स्कोप जुळवलंस, तर १०० वर दीड-दोन इंच वर लागते आणि ३०० वर आठ-नऊ इंच खाली. ३०० मॅग्नमची १८० ग्रेनची गोळी तशीच झीरो केली तर ३०० यार्डांवर साडेसहा-सात इंच खाली. म्हणजे फरक दोनेक इंचांचा. आणि ३०० यार्डांच्या पुढे पहिल्या एक-दोन सीझनला तू बार काढूच नयेस असं माझं स्पष्ट मत आहे, वारा, चढउतार, धडधडणारी छाती, सगळं धरून सांगतोय. दोन इंचांसाठी एवढा धक्का कशाला अंगावर घ्यायचा?

मग घ्यायची कुठली? ३०८ किंवा ३०-०६, डोळे मिटून. ३०-०६ अमेरिकन लष्कराने १९०६ साली घेतली, नावातला ०६ त्यातूनच आला, आणि ३०८ आली १९५२ मध्ये. दोन्हींची गोळी एकाच जाडीची, ३०८ चं काडतूस आखूड म्हणून तिची अ‍ॅक्शनही (काडतूस नळीत भरणारी यंत्रणा) आखूड. ३०-०६ मध्ये १८० ग्रेनच्या जड गोळ्या जरा जास्त वेगाने जातात, एल्क खरोखरच पक्का असेल तर तिच्याकडे झुक. धक्क्याची धास्ती असेल तर ७एमएम-०८ बघ, ती म्हणजे ३०८ चंच काडतूस, तोंड फक्त आवळलेलं, धक्का क्रीडमूरइतकाच. क्रीडमूर स्वतः २००७ ची, हरणाला झकास, एल्कला चालते पण अंतर आवरतं ठेवून आणि गोळी चांगली निवडून. २४३, म्हणजे याहून बारीक गोळीची, मात्र एल्कसाठी नको, अनुभवी माणसाच्या हातात ठीक आहे, तुझ्या नाही. एक गोष्ट सांगतो, चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्यावर १९०७ साली जिम कॉर्बेटला जी रायफल भेट मिळाली ती २७५ रिग्बी होती, म्हणजे आपली ७×५७ माउझरच, धक्क्याला अगदी सौम्य. तीच त्याने पुढे कित्येक वर्षं वापरली. नेमावर भरवसा असला की माणूस कॅलिबरच्या, म्हणजे गोळीच्या जाडीच्या, मागे धावत नाही. (हत्ती-रानम्हशींसारख्या जनावरांचा विषय वेगळा, तिथे आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी कायद्यानेच ३७५ च्या खाली परवानगी नाही, तो तुझा प्रश्नच नाही.)

फक्त कुठल्या जनावराला कमीत कमी काय चालतं तो नियम आधी वाच, जागोजागी वेगळा असतो. जर्मनीत उदाहरणार्थ मोठ्या हरणाला आणि रानडुकराला गोळी किमान ६.५ मिलिमीटरची लागते आणि १०० मीटरवर २००० ज्यूल ऊर्जा लागते.

आणि अरे, कॅलिबरवर लोक रात्र रात्र भांडतात पण गोळीबद्दल कुणी बोलत नाही, खरं काम तर गोळीच करते ना. लहान जनावरांसाठीची पातळ कवचाची गोळी फऱ्याच्या हाडावर आदळून वरच्यावर फुटते, आत पोचतच नाही. उलट पूर्ण तांब्याच्या कवचातली लष्करी पद्धतीची गोळी बारीक भोक पाडून आरपार निघून जाते, ती बऱ्याच ठिकाणी मोठ्या जनावरावर बंदच आहे. तुला हवी ती आत शिरून फुलणारी आणि फुलूनही एकसंध राहणारी. मूसवर (एल्कहूनही मोठं हरीण) गोळ्या धड आत जाईनात म्हणून जॉन नोस्लरने मध्ये तांब्याचा पडदा असलेली गोळी काढली, पार्टिशन, १९४८ पासून विक्रीला आहे आणि अजून चालते. एल्कसाठी तसली किंवा शिसं कवचाला चिकटवलेली बाँडेड घे, नाहीतर अख्खी तांब्याची. तांब्याच्या गोळीने मांसात शिशाचे कण राहत नाहीत हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. गोळी बदललीस की झीरो परत तपासायचा, हे मात्र विसरायचं नाही.

अ‍ॅक्शन बोल्टच घे, म्हणजे दर बाराला हाताने दांडा मागेपुढे करायची, साधी, भरवशाची, साफ करायला सोपी, त्यावर जास्त लिहीत नाही. लाकडी दस्ता दिसायला सुंदर असतो पण पावसात लाकूड फुगलं की झीरो हलू शकतो, म्हणून पहिल्या रायफलीला सिंथेटिक बरा. आणि पाच-साडेपाच पाउंडांची हलकीफुलकी रायफल चढावर चालताना छान वाटते खरी, पण बार काढला की तेवढीच जोरात लागते. स्कोपसकट (नेमाच्या दुर्बिणीसकट) आठ पाउंडांच्या आसपास बरोबर. मझल ब्रेक (नळीच्या तोंडाला लावायचा, धक्का कमी करणारा तुकडा) लावून देऊ म्हणाले तर नको म्हण, धक्का कमी होतो पण आवाज असा मागे फेकला जातो की शेजारच्याच्याही कानाची वाट लागते.

दुकानात एक कर. जंगलात जे जॅकेट घालशील तेच घालून जा, रायफल रिकामी आहे हे स्वतः बोल्ट उघडून बघ, नळी सुरक्षित दिशेला ठेवून डोळे मिटून खांद्याला लाव, गाल दस्त्यावर टेकव आणि मग डोळे उघड. स्कोपमधलं चित्र पूर्ण गोल आणि स्वच्छ दिसलं तर रायफल तुझ्या अंगाची. कडेला काळी सावली आली, मान ताणावी लागली, तर दस्ता लांब-आखूड आहे किंवा स्कोप पुढे-मागे आहे. ही एक चाचणी मला त्या सगळ्या कॅटलॉगपेक्षा जास्त मोलाची वाटते.

स्कोप ३-९×४० बस झाला, म्हणजे तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, पुढची काच ४० मिलिमीटरची. डोळ्यापासूनचं अंतर साडेतीन इंचांच्या खाली नको, नाहीतर धक्क्यासरशी कड भुवईवर बसते. जंगलात चालताना झूम तीनवर ठेवायचा, जनावर जवळून उठलं तर नऊवर नुसते केसच दिसतात आणि कुठला भाग बघतोय तेच कळत नाही. पैसे कमी पडत असतील तर रायफल साधी घे, काच चांगली घे, शिकार बहुतेक पहाटे आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडातच असते.

उरलेले पैसे काडतुसांना ठेव. बेंचवर बसून झीरो करायचा तेवढा कर आणि मग बेंच सोड, मांडी घालून बस, गुडघ्यावर बस, काठ्यांच्या टेकूवर उभा राहा. हरणाचं हृदय-फुप्फुस साधारण आठ इंचांच्या गोलात येतं, तेवढा कागदी गोल लाव आणि ज्या अंतरावरून पाचच्या पाच आत जातात ते तुझं अंतर, त्याच्या पुढे जनावर कितीही देखणं असलं तरी सोडून द्यायचं. आणि दिवसाचा पहिला, थंड नळीतला बार कुठे गेला ते रोज लिहून ठेव, शिकारीत तोच असतो.

आता मला तीन गोष्टी कळव: तुझा कुठला डोळा जास्त चालतो (डावा असेल तर डाव्या हाताचा बोल्ट बघावा लागेल), तिथे बहुतेक बार किती अंतरावरून होतात, आणि एल्कचा टॅग (एक जनावर मारायचा परवाना) याच वर्षी मिळतोय की पुढच्या. मग मॉडेलवर बोलू. तोवर त्या मॅग्नमचे पैसे भरू नकोस, आणि रायफलच्या आधी कानाचे मफ घेऊन ठेव.

तुझाच,
जुना मित्र