चेची, फोन माझ्याच हातात ठेवल्याबद्दल

प्रिय चेची,

मल्याळममध्ये मोठ्या बहिणीला म्हणतात तसं मी तुम्हाला चेची म्हणते, पण मुंबईच्या हॉस्पिटलात इतकी वर्षं काढल्यामुळे तुमचं मराठी माझ्यापेक्षा झणझणीत आहे, म्हणून हे मराठीतच लिहिते.

ओस्की ही नर्सिंगची प्रात्यक्षिक परीक्षा पास झाली, एनएमसीचा, म्हणजे इथल्या नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी पिन हातात आला आणि बँड ५ ही नर्सची पगारश्रेणी लागली, की इंग्लंडमध्ये निभावलं, असं मी धरून चालले होते. दहा स्टेशनांची ती परीक्षा जमली. जड गेलं ते वॉर्डात तोंड उघडणं. सोलापुरात राउंडला आम्ही फाइल धरून उभ्या राहायचो, डॉक्टर विचारतील तेवढंच सांगायचो. इथे रजिस्ट्रारला, म्हणजे वरच्या डॉक्टरला, नावाने हाक मारून ‘आत्ता येऊन पेशंट बघा’ असं नर्सने सांगायचं. माझी जीभच रेटेना.

त्या रात्री कोपऱ्यातल्या बेडवरच्या आजोबांचा श्वास मिनिटाला २६, ऑक्सिजन ९३, नाडी ११४. तब्येत किती बिघडली ते मोजणारा न्यूज स्कोअर ७, म्हणजे धोक्याचा. वर ते म्हणत होते, मी बरा आहे! तुम्ही हात पुसायच्या कागदावर चार ओळी लिहून दिल्यात: आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, तुम्ही काय करावं. “शेवटची ओळ गाळू नकोस,” एवढंच म्हणालात आणि शेजारी उभ्या राहिलात. मी अडखळले तरी फोन काढून घेतला नाहीत. रजिस्ट्रार लगेच आले, आजोबांवर वेळेत उपचार सुरू झाले.

माझ्या लेखी याहून मोठी गोष्ट म्हणजे तुम्ही मॅनेजरशी बोललात. माझ्या मूल्यमापनात ‘आत्मविश्वास कमी’ असा शेरा पडला होता. वरिष्ठांपुढे गप्प राहणं हा आमच्याकडे मान असतो, तिला थेट विचारा, मग बघा, असं तुम्ही त्यांना समजावलंत. तेव्हापासून हँडओव्हरला, म्हणजे शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती सोपवतात तेव्हा, मला नाव घेऊन विचारतात, आणि मी बोलते. जुळवून घ्यायचं ते बाहेरून आलेल्यांनीच, असं बहुतेक ठिकाणी गृहीत असतं. तुम्ही वॉर्डालाही दोन पावलं पुढे यायला लावलंत.

या कामाचे तास ड्यूटीच्या रोटावर नव्हते, पगारात तर नव्हतेच. नाइट संपल्यावर बसस्टॉपवर थांबून तुम्ही माझ्याकडून हँडओव्हर म्हणून घ्यायचात, स्वतःची बस सोडून. त्याबद्दल मनापासून आभार, चेची.

तुमची,
सोलापूरची सिस्टर